नव्या घराची पहिली भेग

आमच्या धामणगावात हल्ली कुणाच्या नव्या घरी मुबारकबाद द्यायला गेलं की माझी नजर आधी खिडकीच्या कोपऱ्याकडं जाते. टाइल्स पाहायच्या, ओट्याचा ग्रॅनाइट पाहायचा, माशाअल्लाह म्हणायचं, हे सगळं मी करतेच. पण चहा पिता पिता डोळे भिंतीवरून फिरत राहतात. ही खोड मला धाकट्या भावाच्या घरामुळं लागली.

भावानं २०२१च्या दिवाळीनंतर पाया खोदायला घेतला. गावाबाहेरच्या ले-आऊटमधला प्लॉट. काही वर्षांपूर्वी तिथं कापूस आणि तूर उभी असायची. बारा वर्षं दुकान चालवून, वहिनीचे थोडे दागिने मोडून आणि बँकेऐवजी नातलगांकडून हातउसने घेऊन त्यानं हे घर बांधलं. ठेकेदार आमच्याच मोहल्ल्यातला, जुम्याला अब्बांच्या शेजारच्या सफमध्ये उभा राहणारा. स्क्वेअर फुटाचा दर तोंडी ठरला. स्लॅब एप्रिलमध्ये पडला आणि बकरी ईदच्या आधी मंडळी राहायला गेली. अम्मीला पहिल्यांदा स्वतःची वेगळी खोली मिळाली. त्या दिवशी तिनं शुक्रान्याच्या दोन रकात नमाज पढली आणि नंतर बराच वेळ नुसती भिंतीला हात लावून बसली.

पुढच्या मे महिन्यात त्याच खोलीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली. आधी केसाएवढी, मग दहा रुपयांचं नाणं उभं अडकेल एवढी. ठेकेदार आला, हसला, म्हणाला, "आपा, नया घर है, थोडा बैठता ही है." पुट्टी भरून रंग मारून गेला. पावसाळ्यात भेग मिटली तेव्हा आम्हाला वाटलं, खरंच बसलं घर. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुट्टी तोडून ती पुन्हा तिथंच उघडली. शिवाय छताला, अम्मीच्या पलंगाच्या बरोबर वर, तांबूस रेघ उमटली आणि पावसात तिथून थेंब पडू लागला.

मी शाळेत भाषा शिकवते, सिमेंट नाही. तरी जे कळलं ते लिहिते आहे, कारण या ले-आऊटांमध्ये आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरं आज पाया खोदत असतील.

अमरावतीहून एक निवृत्त अभियंता आले. त्यांनी भिंतीकडं फार वेळ पाहिलंच नाही. बाहेर, भिंतीला लागून खड्डा खणायला सांगितला. चार फुटांवर फुटिंगचा तळ लागला आणि त्याच्या खाली काळी, चिकट माती. मुरूम अजून दोन-अडीच फूट खाली होता. "घर जमिनीवर नाही, साबणावर उभं आहे," एवढंच ते म्हणाले.

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला ही माती शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात वावराला अशा भेगा पडतात की पोराची चप्पल आत गेली तर हात घालूनही सापडत नाही. आणि पहिल्या दोन पावसांत तेच वावर फुगून सपाट होतं. या मातीत मोंटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. कपाशीला तो ओलावा धरणारा गुण वरदान आहे, भिंतीला मात्र तोच शाप. पावसाळ्यात माती पाया उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते, आणि तेही सगळीकडं सारखं नाही. जिथं न्हाणीचं पाणी मुरतं तो कोपरा वर, जिथं कडुनिंबाची मुळं ओल शोषतात तो खाली. विटांची भिंत वाकू शकत नाही म्हणून तिच्या सगळ्यात अशक्त जागी, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात, तिरकी फाटते. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग दिसली की समजावं, दुखणं भिंतीचं नाही, पायाचं आहे. पुट्टी म्हणजे तापाच्या माणसाला पावडर लावण्यासारखं.

आपल्या आजोबांची घरंही याच मातीवर होती. पण ती मातीची, चुन्याची, लाकडी खांबांची. थोडी हलली तरी सांभाळून घ्यायची. दर वर्षी लिंपण, सारवण होतच असे. आताचं घर ताठ आहे. त्याला खालची जमीन स्थिर लागते. उपायही नवे नाहीत. मुरूम लागेपर्यंत खोदायचं, कॉलमांना जमिनीलगत प्लिंथ बीमनं बांधून घ्यायचं, पायाभोवती काळ्या मातीऐवजी मुरूम भरायचा. माती फारच खोल असेल तर रूरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं विकसित केलेले, खाली बल्बसारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे पाइल आहेत. ते फुगणाऱ्या मातीत निदान साडेतीन मीटर खोल नेतात, कारण मातीची हालचाल तितक्या खोलीपर्यंत जाते.

आता खरी गोष्ट सांगते, भावाला विचारूनच. खड्डे चार फुटांवर गेले तेव्हा ठेकेदारानं त्याला बोलावून विचारलं होतं. मुरूम लागला नाही, आणखी खोल जायचं तर चाळीस हजार वाढतील. भाऊ दोन दिवस विचारात होता. शेवटी म्हणाला, राहू दे, शेजारच्यांचंही एवढंच आहे. त्याच महिन्यात समोरच्या दर्शनी भिंतीच्या दगडी टाइल्स आणि हॉलचं पीओपी ठरलं, आणि त्याला चाळीसच्या वर लागले. पाया कुणाला दिसत नाही ना! पाहुणे येतात ते पीओपी पाहतात. तेव्हा ठेकेदारावर आम्ही कितीही बोटं मोडली तरी एक बोट आमच्याकडंही वळतं.

छताची गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडली. स्लॅब टाकायचा दिवस रमजानात आला. मजुरांपैकी निम्म्यांचा रोजा, निम्मे रोजा नसलेले. संध्याकाळी सगळ्यांना इफ्तार वहिनीकडं. मी सुट्टीच्या दिवशी मदतीला गेले होते. मिक्सरजवळचा मुलगा दर घाणीला ठरलेल्या पाण्यावर आणखी एक बादली ओतत होता. मी मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, घट्ट माल कोपऱ्यात जात नाही न. थोडं पाणी लागतेच." मी गप्प बसले. त्याला जास्त कळतं, असं मला वाटलं.

कळायला हवं होतं ते असं. घराच्या स्लॅबला साधारण एम २० दर्जाचं काँक्रीट वापरतात. आयएस ४५६ या भारतीय मानकात या मिश्रणाला सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यामागं जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितलं आहे. सिमेंटला घट्ट व्हायला जेवढं पाणी लागतं तेवढं ते पितं. उरलेलं उडून जातं आणि जाताना मागं बारीक छिद्रं ठेवतं. त्याच छिद्रांतून पुढं पावसाचं पाणी सळईपर्यंत पोहोचतं. माल कोपऱ्यात जावा म्हणून पाणी नाही, व्हायब्रेटर लागतो. त्याचं एका दिवसाचं भाडं किती, हे आम्ही नंतर विचारलं आणि लाज वाटली.

दुसरं, सळईखालचं कव्हर. स्लॅबच्या खालच्या सळईखाली निदान २० मिलिमीटर काँक्रीट हवं, कॉलममध्ये ४०. त्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे मिळतात, काही रुपयांचे. आमच्या स्लॅबखाली दगडाच्या चिपा ठेवल्या होत्या आणि मजूर जाळीवरून चालले तशा त्या सरकल्या. सळई थेट सेंट्रिंगच्या पाटीला टेकली. अम्मीच्या पलंगावरची तांबूस रेघ म्हणजे ती सळई. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून ते खालचं प्लास्टर ढकलून पाडतं.

तिसरी गोष्ट तराई. इथं वहिनीबद्दल मला काही ऐकून घ्यायचं नाही. रोजा, पंचेचाळीस अंशांचं ऊन, नळ एक दिवसाआड आणि ठेकेदाराचा माणूस स्लॅबच्या दुसऱ्याच दिवसापासून गायब. ती शिडीवरून बादल्या नेत होती. चार दिवस तिनं स्लॅब ओला ठेवला, पाचव्या दिवशी चक्कर येऊन बसली. मानकात साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला दहा दिवस तराई सांगितली आहे. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात चौदा दिवस केली तर बरं. हल्ली दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसीच असतं. स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून वाफे करायचे आणि त्यात पाणी उभं ठेवायचं, कॉलमांना ओली गोणपाटं गुंडाळायची. हे काम ठेक्यात धरायचं असतं आणि त्याचे वेगळे पैसे द्यायचे असतात. आपल्याकडं ते घरातल्या बाईवर ढकललं जातं, फुकट. आणि पाणी नसेल तर स्लॅब टँकर ठरवून मगच टाकायचा, किंवा पुढं ढकलायचा.

एवढ्यानं घर पडतं का? बहुतेक वेळा नाही. कुठं तरी पाच-दहा वर्षं कुरकुरत राहतं. पण कधी कधी पडतं, आणि ते आपण पाहिलेलं आहे. २४ ऑगस्ट २०२०च्या संध्याकाळी रायगड जिल्ह्यात महाडच्या काजळपुऱ्यात तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं गेली. इमारत जुनी, मोडकळीला आलेली नव्हती. जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. ढिगाऱ्याखालून चार वर्षांचं एक मूल बऱ्याच तासांनी जिवंत निघालं तेव्हा साऱ्या महाराष्ट्रानं अल्लाहचे, देवाचे आभार मानले. मग बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेशी संबंधित लोकांवर गुन्हा नोंदवला गेला. त्याच्या सात वर्षं आधी, ४ एप्रिल २०१३ला, मुंब्र्याजवळ शीळ भागातली लकी कंपाऊंडमधली इमारत पडली. ती अजून बांधली जात होती, बेकायदा होती आणि तरी तिच्यात लोक राहायला आलेले होते. ७४ जीव गेले. दोन्ही ठिकाणी घर घेणारे आपल्यासारखेच. स्वस्तात मिळतंय, आपल्या माणसांची वस्ती आहे, मशीद जवळ आहे, एवढं पाहून विश्वास ठेवणारे.

महाडच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी रात्रभर टीव्हीवर पाहिल्या होत्या. भावानंही पाहिल्या होत्या. त्यानंतर दीड वर्षही झालं नव्हतं जेव्हा त्यानं चाळीस हजारांचा हिशेब केला. माणूस दुसऱ्याचं घर पडताना पाहून रडतो आणि स्वतःच्या घराला सवलत देतो.

कायद्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. फ्लॅट घेणाऱ्यांसाठी २०१६चा रेरा कायदा आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या मजबुतीत किंवा कारागिरीत दोष निघाला तर बिल्डरनं तो तीस दिवसांच्या आत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७पासून सुरू झालं. मुलगा पुण्याला किंवा नागपूरला फ्लॅट घेत असेल तर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आधी पाहा. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट नसलेले प्रकल्प त्या नोंदणीतून सुटतात, आणि आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदाराकडून बांधून घेतलेलं घर तर त्या चौकटीतच नाही. घरकुल योजनेत फोटो काढतात: पाया झाला, लिंटेल झालं, छत झालं. मग हप्ता जमा होतो. फोटोत छत दिसतं, त्यात किती बादल्या जास्त गेल्या ते दिसत नाही.

धामणगावसारख्या गावातल्या माणसाला दाद मागायला उरतो तो ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये ‘सेवा’ या शब्दात घरबांधणी स्पष्टपणे धरली आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडं जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र आयोग पहिला प्रश्न विचारणार: करार कुठं आहे? पावत्या कुठं आहेत? आमच्याकडं काय होतं? एका वहीत भावाच्या हातानं लिहिलेल्या रकमा. ठेकेदाराची सही एकाही पानावर नाही.

"आपल्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं, आपा? त्याला वाईट वाटेल," असं भाऊ तेव्हा म्हणाला होता. मीही मान डोलावली होती. आम्ही दोघं लहानपणापासून कुरआन पढतो. सूरह बकराची २८२वी आयत, कुरआनातली सगळ्यात लांब आयत, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. व्यवहार लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा, असं तिच्यात आहे. ती अविश्वासानं सांगितलेली नाही, नंतर शंका उरू नये म्हणून सांगितलेली आहे. आम्ही लिहून घेतलं असतं तर कदाचित आज ठेकेदार आणि भाऊ मशिदीत एकमेकांकडं पाठ करून बसले नसते.

आणि ठेकेदारांनाही एक आठवण द्यावीशी वाटते. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम बाजारातून जात असताना धान्याच्या राशीत हात घातला तर वरून कोरडं, आत ओलं निघालं. विकणाऱ्यानं पाऊस लागल्याचं सांगितलं तेव्हा आपण म्हणालात की ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. गिलाव्याआड काय आहे ते घरमालकाला दिसत नाही; ठेकेदाराला दिसतं. एवढाच तर फरक आहे दोघांत. पण न्यायानं हेही म्हटलं पाहिजे, की चार ठेकेदारांचे दर विचारून सगळ्यात कमीवाला निवडणारे आपणच. त्या दरात चांगलं सिमेंट, पूर्ण वजनाची सळई आणि तराईचा माणूस बसत नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं आणि आपल्यालाही आतून माहीत असतं.

मग बांधणाऱ्यानं करायचं काय? अभियंतासाहेबांनी भावाला जे सांगितलं, ते फार उशिरा, त्यातलं माझ्या लक्षात राहिलेलं देते. करारात ‘खड्डा मुरूम लागेपर्यंत’ असं लिहायचं, फूट लिहायचे नाहीत. वाढीव खोलीचा दर आधीच ठरवायचा. खड्डा मालकानं स्वतः पाहिल्याशिवाय त्यात काँक्रीट पडायचं नाही. सळई वजनावर तपासायची: व्यासाचा वर्ग करून १६२नं भागला की मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे. किराणा दुकानाच्या काट्यावर हे होतं, आणि माझ्या भावाचं तर दुकानच आहे! सिमेंटच्या पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष वाचायचं. तीन महिन्यांपेक्षा जुनं घ्यायचं नाही. रेती काचेच्या ग्लासात पाण्यासोबत हलवून तीन तास ठेवायची. वर मातीचा जाड थर बसला, रेतीच्या साधारण ८ टक्क्यांपेक्षा जास्त, तर ट्रॉली परत. स्लॅबच्या दिवशी काँक्रीटचे ठोकळे भरून घ्यायचे आणि २८ दिवसांनी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाबून पाहायचे. आणि शेवटचा हप्ता, दहा टक्के का होईना, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाईपर्यंत हातात ठेवायचा. तो करारात लिहिलेला असला की कुणाला वाईट वाटायचं कारण राहत नाही.

घराच्या आराखड्यासाठी अभियंता नेमला की त्याला पाया, स्लॅबची सळई आणि स्लॅबचा दिवस अशा निदान तीन वेळा जागेवर यायचे पैसे द्या. नकाशावरची सही स्वस्त असते. माणूस येऊन खड्ड्यात उतरला तर महाग वाटतो, पण पीओपीपेक्षा खूपच स्वस्त.

भावाच्या घराचं आता एवढं झालंय. घराभोवती मीटरभर रुंदीची सिमेंटची पट्टी घातली, उतार बाहेर दिला, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरत नाही. न्हाणीचं पाणी पाइपनं लांब नेलं. भिंतीलगतचा कडुनिंब काढावा लागला, त्याचं सगळ्यात जास्त दुःख अम्मीला. छताचा खालचा पोकळ भाग फोडून सळई घासली, गंजरोधक लावून नवा मसाला भरला. हे सगळं मिळून खर्च चाळीस हजारांच्या कितीतरी पुढं गेला. वर मजला चढवायचा नाही, असं अभियंत्यांनी साफ सांगितलं. भावाला दोन मुलं आहेत आणि मोठ्याच्या निकाहनंतर वर त्याच्यासाठी खोल्या काढायच्या, या हिशेबानं त्यानं जिना आधीच बांधून ठेवला आहे. तो जिना गच्चीवर जाऊन संपतो. वहिनी त्यावर आता पापड वाळवते.

अम्मीच्या खोलीतली भेग बुजवलेली नाही. अभियंतासाहेबांनी ती वर्षभर उघडी ठेवायला सांगितली आणि दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून बाजूला तारीख लिहायला सांगितली, म्हणजे वाढते की थांबली ते कळेल. वहिनी दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला मोजपट्टी घेऊन तिथं उभी राहते. भिंतीवर सात तारखा झाल्यात. जानेवारीपासून रेघ पुढं सरकलेली नाही. मेची तारीख अजून लिहायची आहे.